घाटात ऐकू जाईल असं गाणं

शिरूर (घोडनदी)

चि. भाचेबुवा,

तुझं बैलगाड्याचं गाणं पोचलं. मोबाईलवर ऐकलं, गाडीत ऐकलं, दुकानातल्या जुन्या बॉक्सवरही लावून पाहिलं. चाल चांगली आहे. दुसऱ्या कडव्यात घोडी पुढे काढलीस तिथे तर मजा आली. ताईला म्हणावं, पोरगं वाया गेलेलं नाही.

आता तुझी तक्रार. यूट्यूबवर दुसऱ्या कुणाचं गाणं संपून तुझं लागलं की कोणीतरी आवाज कमी केल्यासारखा वाटतो. पुण्यातले स्टुडिओवाले मास्टरिंगचे जे पैसे सांगतात ते परवडत नाहीत. मग केडगावात, घरच्या लॅपटॉपवर, तो जोर आणायचा कसा? हे एकट्या तुझं दुखणं नाही. २०२१ च्या डिसेंबरात सर्वोच्च न्यायालयानं बैलगाडा शर्यतींना परवानगी दिली आणि २०२३ च्या मे महिन्यात राज्याचा कायदाही कायम ठेवला. तेव्हापासून शिरूर-खेड-जुन्नरकडचे शर्यतींचे घाट पुन्हा गाजायला लागले आणि त्यांच्या मागोमाग गाणी आली. ती बरीचशी तुझ्यासारख्यांच्या घरातच तयार होतात. माझ्या दुकानात पेन ड्राईव्ह घेऊन येणारा प्रत्येक जण हेच विचारतो, ‘मामा, आवाज भरत का नाही?’

तुझी फाईल मी कॉम्प्युटरवर उघडली. पहिल्या सेकंदापासून शेवटच्या सेकंदापर्यंत एकसारखा जाड पट्टा. वर-खाली काही नाहीच. मीटर लावला तर सरासरी उणे ७ एलयूएफएस. म्हणजे गंमत बघ, तुझं गाणं हळू नाहीच. बाजारातल्या बऱ्याच गाण्यांपेक्षा ते वरच आहे. टोकं दाबणारा लिमिटर तू इतका कसलास की वर सरकायला आता जागा उरलेली नाही, आणि तरीही ते बारीक वाटतं.

हा एलयूएफएस काय प्रकार आहे ते आधी नीट समजून घे. पूर्वी आपण मीटरवर टोक कुठवर उडतं ते पाहायचो. पण कानाला टोकापेक्षा सरासरी जास्त जाणवते. आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघानं २००६ मध्ये कानाच्या अंगानं मोजायची एक पद्धत ठरवली. युरोपातल्या प्रसारण संस्थांनी २०१० मध्ये तिच्यावर आपला नियम बसवला, कारण कार्यक्रम संपून जाहिरात लागली की लोक दचकायचे. पुढे गाणी ऐकवणाऱ्या कंपन्यांनीही तीच मोजपट्टी उचलली. स्पॉटिफाय साधारण उणे १४ ला सगळ्यांना आणतं, ॲपल उणे १६ च्या आसपास, यूट्यूबही उणे १४ च्या जवळ. तू उणे ७ चं गाणं चढवलंस की यूट्यूब ते परस्पर सात डेसिबल खाली ओढतं. पटत नसेल तर कॉम्प्युटरवर गाणं चालू असताना चित्रावर उजवं बटण दाब आणि ‘स्टॅट्स फॉर नर्ड्स’ उघड. ‘कंटेंट लाउडनेस’ पुढचा आकडा बघ आणि आवाज किती टक्क्यांवर आणलाय तेही बघ. तुझं गाणं निम्म्याच्याही खाली गेलेलं दिसेल.

म्हणजे दाबून मिळवलेलं सगळं तिथे काढून घेतलं जातं, पण दाबताना जे मेलं ते परत मिळत नाही. ढोलकीची थाप मेली. हलगीचा कडकडाट मेला. शेजारच्या गाण्यातली थाप शाबूत आहे, म्हणून सरासरी सारखी असूनही ते छातीवर येतं. परदेशातही हा धडा लोक असाच शिकले. मेटॅलिका या बँडचा ‘डेथ मॅग्नेटिक’ हा संग्रह २००८ मध्ये आला तेव्हा तो इतका दाबलेला होता की चाहतेच चिडले. तीच गाणी ‘गिटार हिरो’ या व्हिडिओ गेममध्ये कमी दाबलेली होती, आणि लोक म्हणू लागले की सीडीपेक्षा गेममधलं बरं वाजतं.

मग जोर येतो कुठून? इथे मला माझ्या धंद्याचं सांगू दे. तरुणपणी मी तमाशाच्या फडांबरोबर कर्णे आणि ॲम्प्लिफायर घेऊन जत्रा केल्या. आमच्याकडे मंचावर माईक एखाद-दुसराच. त्याच्याही आधी, माझ्या वस्तादांच्या उमेदवारीच्या काळात, तोही नव्हता. तरी गण सुरू व्हायच्या आधीची ढोलकी-हलगीची सलामी वेशीबाहेरच्या माणसाला ऐकू जायची. हलगी वाजवण्याआधी विस्तवावर शेकायचे. कातडं ताणलं की तिचा आवाज वर चढतो आणि लांब जातो. तुणतुण्याची तार वर, झांज त्याहून वर, बाईचा आवाज उंच पट्टीत, आणि मागे उभे असलेले सुरत्ये ओळीचं शेपूट उचलून ‘जी जी’ करत ते आणखी वर नेत. या सगळ्यात खर्जाचं वाद्य कोणतं? ढोलकीची धूम, बस्स. बाकी सगळा मामला मधल्या आणि वरच्या सुरांचा.

याचं कारण विज्ञानात सापडतं. अमेरिकेत बेल कंपनीच्या प्रयोगशाळेतल्या फ्लेचर आणि मन्सन या दोघांनी १९३३ मध्ये प्रयोग छापले. माणसाचा कान सगळे सूर सारख्याच जोरानं ऐकत नाही, हे त्यांनी आकड्यांत मांडलं. साधारण २००० ते ५००० हर्ट्झच्या पट्ट्यात कान सगळ्यांत तिखट असतो. खाली ५० हर्ट्झला तोच कान इतका मंद, की तेवढाच जोर जाणवायला कितीतरी पट ताकद लागते, आणि आवाज हळू असेल तर ही तफावत आणखी वाढते. कमावलेल्या गळ्यात ३००० हर्ट्झच्या आसपास एक उठाव तयार होतो आणि तो वाद्यांच्या गर्दीतून पार निघून येतो, हे पुढे पाश्चात्त्य गायकांवर संशोधन करणाऱ्यांनी दाखवलं. फडातल्या बायकांना हे कुणी शिकवलं नव्हतं. ज्यांचा आवाज शेवटच्या रांगेला पोचला त्याच टिकल्या. घाटावरचा पुकारणारा आठव. त्याचा कर्णा बेस काढतच नाही, पण हजारोंच्या गलक्यात कोणाची बारी सुटली ते आपल्याला समजतं.

तुझ्या गाण्यात तू काय केलंस? चाळीस-पन्नास हर्ट्झचा बेस भरला, त्याच्याखाली किक ठेवली, ढोलकीची धूम तिथेच, आणि आवाजाच्या ट्रॅकवरही खालची घरघर तशीच सोडली. शिरूर स्टँडवर एसटीच्या दारात सगळे एकदम घुसले की आत जागा असूनही कुणीच चढत नाही, तसं झालंय. खालचे सूर सगळ्यांत जास्त जागा खातात. लिमिटर आधी त्यांच्यामुळे दबतो, आणि ते दबताना वरचा आवाजही सोबत खाली जातो. शिवाय तुझा ऐकणारा आहे मोबाईलवाला. मोबाईलचा स्पीकर साधारण ३०० हर्ट्झच्या खाली फारसं काही काढत नाही. ज्या बेससाठी तू सगळ्यांचे गळे आवळलेस तो त्याला ऐकूच येत नाही.

तर पहिलं काम, मिक्स होईपर्यंत लिमिटर काढून टाकणं. दुसरं, प्रत्येक ट्रॅकला त्याची जागा नेमून देणं. गायकाच्या आवाजाखालचं ९०-१०० हर्ट्झपर्यंतचं कापून टाक, काही बिघडत नाही. २०० ते ४०० हर्ट्झमध्ये सगळेच गोळा होतात आणि गाणं कोंदट होतं. तिथे सिंथ आणि पॅड थोडे उतरव, आवाज राहू दे. किक किंवा धूम यांतला एकच खालच्या गाळ्याचा मालक. दुसऱ्याला वरच्या ठोक्यावर जगायला लाव. बेस मोबाईलवरही जाणवावा असं वाटत असेल तर त्याला थोडं सॅच्युरेशन दे. त्यातून वरचे सूर तयार होतात, आणि वरचे सूर ऐकून मेंदू खालचा सूर आपोआप धरतो, तो प्रत्यक्षात वाजला नाही तरी. हे मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला थाप वाटली होती. करून बघ.

पण याहून मोठी गोष्ट मांडणीत आहे, आणि ती तुला लॅपटॉप शिकवणार नाही. तुमच्या चौफुल्याला, घरापासून हाकेच्या अंतरावर, कला केंद्रं आहेत. तिथे संगीत बारी चालते. ताईला सांगून जा, चोरून जाऊ नकोस, आणि बाईकडे बघण्याऐवजी ढोलकीवाल्याकडे बघ. बाई ओळ म्हणत असते तेव्हा तो जवळजवळ गप्प असतो, बोटांनी नुसतं अंग सांभाळतो. ओळ संपली, समेवर आली, की तोडा असा सुटतो की खुर्चीत माणूस उडतो. तो तोडा मोठा वाटतो, कारण आधीच्या क्षणी तो नव्हता. तुझ्या गाण्यात ढोलकी, हलगी, ताशाचा लूप आणि ब्रास पहिल्या सेकंदापासून पूर्ण जोरात आहेत. मग ‘भिर्रर्र’च्या आरोळीला मोठं होणार कुठे? आरोळीच्या आधी अर्धी मात्रा सगळं थांबव. कडव्यात ताशा काढ. गायक म्हणत असताना ब्रास दोन-तीन डेसिबल खाली घे. मग बघ, मीटरचा आकडा तोच राहून गाणं केवढं होतं.

लिहिणाऱ्याच्या हातातही आवाज असतो. आपल्या तालुक्यातल्या कवठे येमाईचे बशीर मोमीन कवठेकर यांनी तमाशासाठी वग लिहिले, लावण्या लिहिल्या. राज्य सरकारचा विठाबाई नारायणगावकर जीवनगौरव पुरस्कार त्यांना २०१८ सालचा मिळाला. फडासाठी लिहिलेल्या गाण्यांत माझ्या कानाला नेहमी जाणवलेली गोष्ट अशी की ओळीचा शेवट गळा उघडेल अशा स्वरावर येतो, आणि अवघड जोडाक्षरांची गर्दी सहसा होत नाही. तुझ्या मुखड्याची ओळ ‘त्व’ असलेल्या शब्दावर बंद होते. तिथे गायक तोंड मिटतो आणि तू तिथेच कॉम्प्रेसर लावून तो मिटलेला आवाज वर ओढतोस. शब्द बदल, फुकटात तीन डेसिबल मिळतील.

ग्रामोफोनच्या काळात तर सगळं असं जागेवरच करावं लागे. १९०२ मध्ये फ्रेड गाईसबर्ग कलकत्त्याला आला आणि त्यानं गायिका गौहर जानचं गाणं ध्वनिमुद्रित केलं तेव्हा वीजच नव्हती त्या यंत्रात. एका कर्ण्यात तोंड घालून गायचं, तिकडे सुई मेणावर कोरत जायची. कोण जवळ, कोण लांब, एवढंच मिक्सिंग. विजेचं ध्वनिमुद्रण आलं १९२५ मध्ये. आमच्या एका माईकच्या मंचावरही तेच चालायचं. सोंगाड्या बोलताना पुढे यायचा, झील देणारे मागे सरकायचे. कुणी तसूभर जरी चुकला तरी वस्ताद डोळे वटारायचे.

आता तुझ्या खोलीबद्दल. दहा बाय बाराची खोली, वर पत्रा. अशा खोलीत दहा फुटांच्या भिंतींमध्ये साधारण ५६ हर्ट्झचा सूर उभा राहतो आणि बारा फुटांच्या भिंतींमध्ये ४७ चा. तू जिथे बसतोस तिथे तो सूर एकतर फुगतो नाहीतर गायब होतो. गायब झाला की तू बेस वाढवतोस. तुझ्या फाईलमधला तो पन्नासचा फुगवटा तिथूनच आलाय असा माझा अंदाज आहे. भिंतीवर गोधड्या टांगल्या तर वरचा खणखणाट मरेल, तेवढ्यासाठी जरूर टांग, पण बेसला गोधडी अडवत नाही. म्हणून बेसचा निर्णय हेडफोनवर घे आणि गाडीत तपास. बाकी मिक्स हळू आवाजात कर, शेजारी कुणी बोललं तर समजेल इतक्या. हळू आवाजात गायक आणि थाप स्पष्ट असतील तर मोठ्यानं ते बिघडत नाहीत. शेजाऱ्यांचे आशीर्वाद मिळतील ते वेगळेच.

तुलनेसाठी कोणतंही आवडतं गाणं घेतलंस तर ते आधी तुझ्या मिक्सच्या बरोबरीनं खाली आण, सहा-सात डेसिबल लागतील. कानाला जरासा मोठा आवाज लगेच चांगला वाटतो. एका डेसिबलचाही फरक फसवतो. सगळे प्लगिन विकणारे याच्यावर जगतात. बटण चालू केलं की आवाज थोडा वाढतो, आणि आपण म्हणतो वा! बटण चालू करण्याआधीची आणि नंतरची पातळी सारखी ठेव, मग निम्मी बटणं तू स्वतःच बंद करशील.

ध्वनिमुद्रणात घाई करू नकोस. २४ बिटवर घे, सर्वांत मोठी थाप उणे १० डेसिबलच्या वर जाऊ देऊ नकोस. वरची जागा मोकळी असली तर काहीही वाया जात नाही. गायकाच्या आवाजावर कॉम्प्रेसर लावण्याआधी एकेका ओळीची पातळी हातानं सरळ कर. कंटाळवाणं काम आहे, पण हातानं केलेल्या कामात दमछाक ऐकू येत नाही. मग कॉम्प्रेसरनं तीन-चार डेसिबल दाबलं तरी पुरतं. ढोलकीची टोकं क्लिपरनं अगदी जराशी छाट. ती छाटणी कानाला कळत नाही आणि लिमिटरचं ओझं कमी होतं. पूर्ण मिक्सवर कॉम्प्रेसर एखाद-दोन डेसिबल. शेवटी लिमिटर, त्यानंही दोन-तीन डेसिबलच. सगळं थोडं-थोडं अनेक जागी दाबायचं, एका जागी गळा धरायचा नाही. लिमिटरची वरची मर्यादा उणे १ ट्रू पीक ठेव, कारण यूट्यूब फाईल बारीक करतं तेव्हा टोकं मूळ जागेहून वर उडतात आणि फाटतात. एलयूएफएसचा आकडा उणे १० आला काय किंवा उणे ११ आला काय, थाप जिवंत असेल तर तिथेच थांब. उणे १४ लाच आणलं पाहिजे असं कुणी सांगेल, तेही ऐकू नकोस. ती कंपनीची सोय आहे, तुझ्यावर बंधन नाही.

डीजेवाल्यांचं वेगळं. त्यांच्या मिक्सरला यूट्यूबसारखा कुणी सांभाळणारा नसतो, फाईल असेल तशी वाजते. त्यांच्यासाठी जरा जास्त भरलेली दुसरी फाईल कर, पण ती उणे ७ ची नको. त्यांच्याकडे वॉटची कमतरता नसते. आवाज कानाला दुप्पट वाटायला साधारण दहा डेसिबल लागतात आणि दहा डेसिबलला दहापट वॉट, हे गणित त्यांना पाठ आहे. म्हणूनच ट्रॅक्टरवर स्पीकरच्या भिंती उभ्या राहतात. रात्री दहा ते सकाळी सहा ध्वनिक्षेपक बंद, हा २००० सालचा नियम त्यांना पाठ असला तरी आठवत नाही. तू त्या भिंतीसमोर उभा राहून आपलं गाणं तपासू नकोस. ८५ डेसिबल जास्तीत जास्त आठ तास, आणि पुढे दर तीन डेसिबलला वेळ निम्मा, असा हिशेब कानाचे जाणकार सांगतात. १०० डेसिबलला पंधरा मिनिटं. मिरवणुकीत डीजेच्या तोंडाशी त्याहून जास्त असतं. माझ्या बरोबरीचे दोघं-तिघं कर्णेवाले आता समोरासमोर बोलतानाही ‘काय?’ म्हणतात. मिक्स करणाऱ्याचं भांडवल कान आहे. इंटरफेस बिघडला तर दुसरा मिळतो.

पुढच्या वेळी एकच फाईल पाठवू नकोस. ढोलकी वेगळी, बाकीचा ठेका वेगळा, बेस वेगळा, आवाज वेगळा, आणि कशावरही लिमिटर नको. त्यापेक्षा रविवारी न्हावऱ्यामार्गे इकडेच ये, लॅपटॉप आणि हेडफोन घेऊन. मुखड्याचा शेवटचा शब्द येताना बदलून आण. आणि ज्यानं ढोलकी वाजवली त्याला विचारून ठेव, धूम कोणत्या सुरात लावली होती. ते कळल्याशिवाय किक कुठे बसवायची ते ठरत नाही.

तुझा,
मामा